सॅफ करंडक: शेजाऱ्यांच्या फुटबॉलची तीस वर्षं

2023 च्या जूनमध्ये बंगळुरूत भारत-पाकिस्तान सामना होता. व्हिसाला उशीर झाल्याने पाकिस्तानचा संघ मॉरिशसहून सामन्याच्या दिवशीच पोहोचला. प्रवासाने थकलेले खेळाडू काही तासांतच मैदानात उतरले आणि 4-0 ने हरले. त्यातले तीन गोल सुनील छेत्रीचे. सॅफ चॅम्पियनशिप या दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेत मैदानाबाहेरच्या गोष्टी खेळात शिरतात, ते आधीपासूनच.

सुरुवात 1993 ची, लाहोरमधली. ‘सार्क गोल्ड कप’ नावाच्या त्या स्पर्धेत चारच संघ होते आणि अंतिम सामनाही नव्हता. गुणांवर भारत विजेता ठरला. दोन वर्षांनी कोलंबोत यजमान श्रीलंकेने गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपण्याच्या नियमाने, भारताला हरवलं. श्रीलंकेचं ते आजवरचं एकमेव विजेतेपद. 1997 साली दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजेच सॅफ, स्थापन झाला आणि स्पर्धेला त्याचं नाव मिळालं. 1999 ची स्पर्धा गोव्यात झाली. मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताने बांगलादेशला 2-0 असं नमवलं.

पुढची स्पर्धा ढाक्यात 2001 साली व्हायची होती, पण फिफाने बांगलादेशला निलंबित केल्याने ती 2003 वर गेली. रखडलेल्या त्या स्पर्धेत बांगलादेशने मालदीवला पेनल्टी शूटआउटवर हरवून करंडक घरीच ठेवला.

आतापर्यंतच्या 14 स्पर्धांपैकी नऊ भारताने जिंकल्या आहेत. 2003 सोडलं, तर भारत पहिल्या दोनांत नाही असं झालेलं नाही. तरी मला या स्पर्धेचं मोल कळतं ते इतरांच्या विजयांतून. जेमतेम पाच लाख वस्तीच्या मालदीवने 2008 आणि 2018 असे दोन करंडक नेले, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात भारताला हरवून. आणि 2013 चं काठमांडू! युद्धाने पोळलेल्या अफगाणिस्तानने गतविजेत्या भारतावर 2-0 ने मात केली. देशाचा फुटबॉलमधला तो पहिला आंतरराष्ट्रीय करंडक. काबूलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्या रात्री भारत हरल्याचं दुःख करत बसणं कोत्या मनाचं झालं असतं.

पुढे अफगाणिस्तान मध्य आशियाच्या गटात गेला आणि स्पर्धेतली एक खरी चुरस संपली. 2023 ला खेळाचा दर्जा वाढावा म्हणून लेबनॉन आणि कुवेत यांना पाहुणे संघ म्हणून बोलावलं. अंतिम सामना भारत आणि कुवेत यांच्यात झाला. 1-1 बरोबरीनंतर पेनल्टींवर भारत जिंकला. सामना रंगला, यात शंका नाही. पण शेजाऱ्यांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारतासमोर शेजारीच नव्हता, ही चुटपुट राहिली.

सुरुवातीपासून खेळणारा नेपाळ अंतिम फेरीत पोहोचला तो एकदाच, 2021 साली मालेत. भारताने तो सामना 3-0 असा जिंकला. काठमांडूत हा करंडक अजून यायचा आहे.