प्रकाशाने वळणारे पापुद्रे आणि त्यांना चाचपणारी सुई

गोव्यातील मालिम जेटीला ट्रॉलर लागतात तेव्हा मांडवीच्या पाण्यावर डिझेलचा सप्तरंगी तवंग पसरतो. तवंगाची जाडी काहीशे नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असते, म्हणून हे रंग उमटतात. तेलाचा थर जेमतेम एका रेणूइतका पातळ असेल, तर मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि प्रस्तुत विषयाचा, म्हणजे प्रकाशाने आकार बदलणाऱ्या पातळ थरांचा आणि त्यांना चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकांचा, इतिहास या न दिसणाऱ्या थरापासूनच सुरू होतो.

लंडनच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल सुमारे अर्धा एकर पसरल्याचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1774 मध्ये नोंदवले. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी अशा थराची जाडी 1.6 नॅनोमीटरच्या घरात काढली. परंतु माझ्या मते खरा मान अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांचा आहे. विद्यापीठाचे दार बंद असलेल्या या जर्मन स्त्रीने घरातच पत्र्याच्या पन्हळीत पाणी भरून, पट्टीने पृष्ठभागावरील थर एका बाजूला लोटत त्याचा ताण मोजला. रेली यांच्या पुढाकाराने तिचे पत्र 1891 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. याच रीतीला अमेरिकी संशोधक अर्विंग लँगम्यूर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी शास्त्रीय घडण दिली. सोन्याच्या पृष्ठभागावर गंधकयुक्त रेणू आपोआप ओळीने उभे राहतात, हे नुझो आणि अलारा यांनी 1983 मध्ये दाखवले.

अशा थरांना प्रकाशाने वळवायचे तर त्यांत अझोबेन्झीनचा रेणू बसवतात. हा रेणू अतिनील प्रकाशात वाकतो आणि त्याची लांबी सुमारे 0.9 वरून 0.55 नॅनोमीटरवर येते. निळ्या प्रकाशाने किंवा उष्णतेने तो पुन्हा सरळ होतो. हे वाकलेले रूप हार्टली यांनी 1937 मध्ये ओळखले. मात्र थरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या रेणूंना वाकायला जागाच उरत नाही. थर कोणता प्रकाश किती शोषतो हे पाहणाऱ्या वर्णपटाच्या मोजणीतून सगळ्या रेणूंची सरासरी तेवढी मिळते. कोणता भाग वळला आणि कोणता अडकून पडला, हे त्यातून कळत नाही.

ही उणीव पृष्ठभाग चाचपत फिरणाऱ्या, अतिसूक्ष्म टोकाच्या सुईने भरून काढली. बिनिंग आणि रोरर यांचा सुई आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या फटीतून झिरपणाऱ्या विजेवर, म्हणजे बोगदा-प्रवाहावर, चालणारा सूक्ष्मदर्शक 1981 मध्ये आला, तर वीज न वाहणारे नमुनेही चाचपणारा अणुबल सूक्ष्मदर्शक 1986 मध्ये. दुसऱ्यात टोकाची हालचाल टिपणारा लेसर बहुधा लाल असतो आणि अझोबेन्झीन लाल प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे पाहताना थर सहसा ढळत नाही. 1995 मध्ये अझो-बहुवारिकांवर (अझोबेन्झीन जोडलेल्या लांब साखळी-रेणूंच्या थरांवर) प्रकाशाच्या नक्षीप्रमाणे उठलेले उंचवटे अशाच सुईने मोजले गेले.

गोव्यात हे काम करताना जून ते सप्टेंबर विशेष जपावे लागते. दमट हवेत नमुन्यावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि टोक जवळ येताच त्याला खाली ओढून घेतो, म्हणून कोरड्या नायट्रोजनखाली मापन करणे श्रेयस्कर ठरते.