वाईनने डोकं दुखतं? आधी घड्याळ बघा

माझं नेहमी असं व्हायचं की रेड वाईनचा पहिला ग्लास अर्धासुद्धा संपलेला नसायचा, गप्पा आत्ता कुठे रंगात यायला लागलेल्या असायच्या आणि उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा, मग कपाळ जड, आवाज नकोसा, उजेड नकोसा. बीअरने हे कधी झालं नाही. आणि कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, सल्फाइटमुळे होतं ते, नाहीतर मग पाणी कमी पडलं असेल. दोन्ही उत्तरं इतक्या वेळा ऐकलीत की बरीच वर्षं ती खरीच वाटायची.

पण या विषयात पहिला प्रश्न विचारायचा तो घड्याळाला. डोकं नक्की किती वाजता दुखायला लागलं? डोकेदुखीचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण डॉक्टर वापरतात त्यात दारूने होणाऱ्या डोकेदुखीचे दोन वेगळे प्रकार दिलेत. एक प्यायल्यापासून ३ तासांच्या आत सुरू होणारी आणि दुसरी ५ ते १२ तासांनी सुरू होणारी. दुसरी म्हणजे आपला नेहमीचा हँगओव्हर, रात्री जास्त झाली की सकाळी उठल्यावर येतो तो. दारूमुळे शरीरातलं पाणी धरून ठेवणारं हार्मोन दबतं, सारखं लघवीला जावं लागतं, झोप तुटक होते, शरीरात दाह वाढतो, या सगळ्या गोष्टी त्या सकाळच्या डोकेदुखीच्या हिशोबातल्या आहेत. पण ज्याचं डोकं अर्ध्या ग्लासात, अर्ध्या तासात दुखतं त्याच्या अंगातलं पाणी एवढ्यात कुठे कमी होणार? त्याला पाणी पी म्हणून सांगण्यात वाईट काही नाही, पण त्याचा आजार वेगळा आहे हे मान्य करायला पाहिजे.

आता सल्फाइट. वाईन खराब होऊ नये म्हणून घालतात, आणि थोडं सल्फाइट तर आंबवताना यीस्ट स्वतःच तयार करतं, त्यामुळे अजिबात सल्फाइट नसलेली वाईन जवळपास नसतेच. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर प्रमाण गेलं की लेबलवर तसं लिहावं लागतं, अमेरिकेतही आणि युरोपातही, आणि बाटली फिरवून बघितली की लोकांना तेच एक वाक्य दिसतं म्हणून सगळा दोष त्याच्या माथी. ते वाक्य असतं दम्याच्या रुग्णांसाठी आणि सल्फाइट न सोसणाऱ्यांसाठी, त्यांच्यातल्या काहींना खरंच धाप लागते. पण डोकेदुखीचं गणित बघा. युरोपात साध्या कोरड्या रेड वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि व्हाइटला २०० ची, म्हणजे व्हाइटमध्ये जास्त चालतं आणि बहुतेक वेळा जास्त असतंही. मग डोकं रेडने का दुखावं? सुक्या जर्दाळूला तर किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, मूठभर केशरी जर्दाळू खाल्ले तर एका ग्लास वाईनच्या कितीतरी पट सल्फाइट पोटात जाऊ शकतं आणि जर्दाळू खाऊन कपाळ धरून बसलेला माणूस मी तरी बघितलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वाईनमधून सल्फाइट काढून टाकणारे थेंब आणि काड्या विकत मिळतात, त्यावर डोकेदुखीसाठी पैसे घालवू नका एवढंच सांगेन.

टॅनिनचंही, म्हणजे वाईनला तुरटपणा देणाऱ्या पदार्थाचंही नाव घेतात, पण ते कडक चहात आणि डार्क चॉकलेटमध्येही भरपूर असतं. हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा मुद्दा त्यापेक्षा वजनदार आहे, रेड वाईनमध्ये ते व्हाइटपेक्षा जास्त असतं आणि ते मोडणारं एन्झाइम काही लोकांच्या आतड्यात कमी असतं, दारू त्या एन्झाइमला अजून मंद करते. अशा लोकांना नाक चोंदणं, शिंका, अंगाला खाज, पोट बिघडणं असं सगळं सोबत होतं, आणि मुरवलेलं जुनं चीज खाल्लं तरी होतं. तुमचं तसं असेल तर हिस्टामिनकडे बघा. नुसतंच डोकं दुखत असेल तर पुढे चला.

पुढे म्हणजे १९८८ सालात. लंडनमधल्या संशोधकांना एक जुना वाद मिटवायचा होता, की रेड वाईनने मायग्रेन येतं ते दारूमुळे की वाईनमधल्या आणखी कशामुळे, की नुसतं मनात असतं म्हणून. त्यांनी असे रुग्ण घेतले ज्यांचं म्हणणं होतं की आम्हाला रेड वाईनने अटॅक येतो. काहींना रेड वाईन दिली आणि काहींना व्होडका, लेमनेड घालून, दोन्हीत दारूचं प्रमाण सारखं. अडचण अशी की पिणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून दोन्ही पेयं गार करून गडद रंगाच्या बाटल्यांतून प्यायला दिली, म्हणजे रंग दिसणार नाही आणि चवही दबून जाईल. वाईन मिळालेल्या ११ जणांपैकी ९ जणांना अटॅक आला. व्होडका मिळालेल्या ८ जणांपैकी एकालाही नाही. माणसं मोजकी होती हे खरं, पण मला हा प्रयोग फार आवडतो कारण "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं त्यांना त्याने पहिल्यांदा न्याय दिला. दारू तेवढीच असून वाईनमध्ये काहीतरी जास्तीचं होतं.

ते काय असू शकतं हे समजायला आधी लिव्हरमध्ये डोकवावं लागेल. दारू लिव्हरमध्ये दोन टप्प्यांत मोडते. पहिलं एन्झाइम तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं, हा विषारी पदार्थ, चेहरा लाल होणं, मळमळ, छातीत धडधड आणि डोकेदुखी याचीच करणी. दुसरं एन्झाइम, एएलडीएच२, लगेच त्याचं ॲसिटेट करून टाकतं आणि ते फारसं त्रासाचं नाही. बेसिनमध्ये नळ चालू आहे आणि खाली मोरी मोकळी आहे तोपर्यंत पाणी साठत नाही, तसं. मोरी तुंबली की नळ बारीक असला तरी बेसिन भरतं.

मोरी मुद्दाम तुंबवली तर काय होतं हे माहीत आहे, कारण तसं औषधच आहे. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गोळ्या स्वतःच घेऊन बघत होते. थोडीशी दारू घेतली तरी दोघांचीही तब्येत बिघडायला लागली. डायसल्फिरामने दुसरं एन्झाइम बंद पडत होतं. तेव्हापासून ते दारू सोडवण्यासाठी दिलं जातं, आणि ते घेऊन कुणी प्यायलं तर डोकं भयंकर ठणकतं.

आता रेड वाईन स्वतःच थोडीफार अशी मोरी तुंबवत असेल तर? २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अप्रमिता देवी, अँड्र्यू वॉटरहाउस आणि मॉरिस लेविन यांनी हेच तपासलं. वाईनमधले डझनभर पदार्थ घेऊन त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये बघितलं की एएलडीएच२ ला कोण अडवतं, आणि सगळ्यात जोरात अडवणारं निघालं क्वेर्सेटिनपासून बनणारं ग्लुकुरोनाइड. क्वेर्सेटिन तसं गुणी म्हणून ओळखलं जातं, कांद्यात असतं, सफरचंदात असतं, त्याच्या गोळ्याही मिळतात. पोटात गेल्यावर शरीर त्याचं ग्लुकुरोनाइड करतं आणि ते रक्तात फिरतं. कांदा खाल्ला तर साठायला ॲसिटाल्डिहाइडच नसतं, म्हणून काही होत नाही. पण वाईनच्या एकाच घोटात नळ उघडणारी दारूही आली आणि मोरीत बोळा घालणारं क्वेर्सेटिनही आलं. हे काम टेस्ट ट्यूबमधलं आहे, माणसांवर सिद्ध होणं हा पुढचा टप्पा, पण लंडनच्या त्या गडद बाटल्यांशी ते इतकं नीट जुळतं की माझा तरी कौल याच बाजूला आहे.

क्वेर्सेटिन येतं द्राक्षाच्या सालीतून. झाड ते बनवतं उन्हापासून वाचायला, अगदी सनस्क्रीनसारखं, अल्ट्राव्हायोलेट किरणं शोषून घेतं ते. त्यामुळे एकाच वेलीवर पानांच्या सावलीत वाढलेल्या घडात ते कमी आणि उघड्यावर ऊन खाल्लेल्या घडात जास्त, काही वेळा चार-पाच पट. भारी रेड वाईनसाठी घडाभोवतालची पानं खुडून मुद्दाम ऊन लागू देतात, मग साली रसात बरेच दिवस ठेवून रंग उतरवतात, त्यासोबत क्वेर्सेटिनही उतरतं. म्हणजे महागाची गडद बाटली डोक्याला सोपी जाईल ही समजूत अगदी उलटी ठरू शकते. व्हाइट वाईनमध्ये साली आधीच बाजूला काढतात म्हणून तिच्यात हे खूपच कमी. रोझेमध्ये, म्हणजे गुलाबी वाईनमध्ये, साल रसात थोडाच वेळ असते, ती दोघांच्या मधली.

मायग्रेन असणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या २१९७ मायग्रेन रुग्णांचा अभ्यास आला, त्यात सुमारे ३६ टक्के लोकांनी दारूने अटॅक येतो असं सांगितलं, आणि त्यांनी सगळ्यात जास्त नाव घेतलं ते रेड वाईनचं. पण रेड वाईन घेतली की हमखास येतोच असं म्हणणारे फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्या दिवशीची झोप, ताण, उपाशी पोट, पाळीचे दिवस हे सगळं मिळून ठरतं, वाईन बऱ्याचदा शेवटची काडी टाकते.

करायचं काय तर दोन-तीन महिने एक साधी नोंद ठेवा. काय प्यायलं, किती, पोटात काही होतं का, आणि दुखायला किती वाजता लागलं. नोंद करताना अर्ध्याच ग्लासावर थांबून ३ तास वाट बघा, तेवढ्यात दुखलं तर पुढच्या वेळी तेवढीच व्हाइट घेऊन बघा, आणि व्हाइटनेही दुखलं तर दोष सालीपेक्षा दारूचाच असण्याची शक्यता जास्त. लेबलवरचा दारूचा टक्का नक्की वाचा, १५० मिलिलिटरच्या ग्लासात १३ टक्क्यांच्या वाईनमधून साधारण १५ ग्रॅम शुद्ध दारू जाते, ३३० मिलिलिटर साध्या बीअरपेक्षा जास्त, आणि आपण घरी ओततो तो ग्लास बहुतेक वेळा १५० चा नसतोच. जेवणासोबत आणि हळूहळू प्यायलं की नळ बारीक राहतो. डोकं दुखेल म्हणून आधीच पेनकिलर घेऊन बसणं मात्र नको, पॅरासिटामॉल आणि दारू दोन्हीचा भार लिव्हरवर पडतो, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन पोटाला झोंबतात. आणि डोकेदुखी एकदम अचानक, आयुष्यात कधी झाली नाही एवढी जोराची आली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा वाटला तर वाईनवर ढकलू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

ज्यांचा चेहरा दोन घोटांत लाल होतो, छाती धडधडते आणि मग डोकं दुखतं त्यांच्यासाठी थोडं वेगळं. त्यांचं एएलडीएच२ बऱ्याचदा जन्मतःच कमजोर असतं, पूर्व आशियातल्या तर ३० ते ४० टक्के लोकांचं तसं आहे. अशांना मित्रमंडळी सांगतात की पीत राहा, सवय होईल, आणि खरंच काही वर्षांनी त्रास कमी जाणवायला लागतो. पण ते जनुक तसंच राहतं, ॲसिटाल्डिहाइड तसंच साठत राहतं आणि अशा लोकांमध्ये नियमित पिण्याने अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच वाढतो. तुमचं तसं होत असेल तर वाईन बदलून बघण्यात वेळ घालवू नका, ग्लास खाली ठेवा, आणि कुणी आग्रह करत असेल तर त्याला हे कारण स्पष्ट सांगा.