टायटॅनियम आणि नायोबियम: कार्बन दोघंही पकडतात, वेल्डचे ग्रेन बारीक करणारा एकच

स्टेनलेसच्या वेल्डिंगवर चर्चा निघाली की कोणीतरी 'टायटॅनियम/नायोबियम' असं तिरकी रेघ मारून लिहितोच, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं, "हे घातलं की ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिकांचे दाणे, बारीक होतात". ती रेघ दिसली की माझं डोकं फिरतं.

स्टॅबिलायझेशनपुरती ती रेघ चालेल. ते तुम्हाला माहीतच असणार, 450 ते 850 डिग्रीच्या पट्ट्यात क्रोमियम कार्बाइड ग्रेन बाउंड्रीवर (दोन ग्रेनमधल्या सीमेवर) बसू नये म्हणून कार्बन आधीच बांधून टाकायचा, 321 ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये हे काम टायटॅनियम करतं आणि 347 मध्ये नायोबियम. एकाला कार्बन अधिक नायट्रोजनच्या किमान 5 पट लागतं, दुसऱ्याला कार्बनच्या 10 पट, कारण नायोबियमचा अणू जवळपास दुप्पट जड. झालं, यात एवढं वाद घालण्यासारखं काही नाही.

खरा घोळ पुढे आहे. वेल्डचे ग्रेन ठरतात धातू गोठताना, त्यामुळे प्रश्न एकच विचारायचा: वेल्ड पूल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, अजून पातळ असताना त्यात घन असं काय तरंगतंय? टायटॅनियमला नायट्रोजनचं भारी आकर्षण, आणि 409 किंवा 439 सारख्या फेरिटिक स्टेनलेसमध्ये (ज्याची स्फटिकरचना फेराइट असते) दोन्ही पुरेसे असले तर टायटॅनियम नायट्राइडचे कण गोठण सुरू व्हायच्या आधीच, पातळ धातूतच तयार होतात. त्यांची स्फटिकरचना फेराइटशी छान जुळते, म्हणून हवेतल्या धुळीच्या कणावर जसा पावसाचा थेंब धरतो तसा त्यांच्यावर फेराइट धरतो. म्हणजे पुलाच्या मधोमध नवे ग्रेन जन्माला येतात आणि कडेने आत येणाऱ्या लांबट ग्रेनची वाट अडवतात. असे कण नसतील तर नवीन काही जन्मतच नाही, फ्यूजन लाइनवरचे (वितळलेल्या भागाच्या कडेचे) बेस मेटलचे, म्हणजे जोडायच्या मूळ धातूचे, ग्रेनच त्याच दिशेने आत वाढत जातात, मधल्या रेषेवर समोरासमोर येऊन भिडतात, आणि सगळा गंधक-फॉस्फरसचा कचरा नेमका तिथेच गोळा होतो, मग क्रॅक मधोमध का गेला म्हणून शोधत बसायचं.

आता नायोबियम. हा गडी पातळ धातूत विरघळूनच राहतो, गोठणाऱ्या ग्रेनमधून बाहेर ढकलला जातो आणि शेवटच्या उरल्यासुरल्या द्रवात साचतो, त्याचं कार्बाइड बाहेर पडतं ते तिथे किंवा त्याच्याही नंतर. तोवर ग्रेन जन्मून मोठे झालेले असतात! मग बारीक काय करणार कप्पाळ? नंतरच्या गरमीत बाउंड्री जागच्या जागी धरून ठेवायला तो मदत करतो, गरम असतानाची ताकदही देतो, एक्झॉस्टसाठी 441 मध्ये तो घालतात ते त्यासाठीच. पण ग्रेनची वाढ रोखणं वेगळं आणि मुळात बारीक ग्रेन जन्माला घालणं वेगळं, हे दोन्ही एकाच शब्दात कोंबलं की सगळा गोंधळ. उलट 347 चा वेल्ड पूर्ण ऑस्टेनाइट (फेराइटहून वेगळी स्फटिकरचना) म्हणून गोठला तर ते नायोबियमवालं शेवटचं द्रव कमी तापमानापर्यंत पातळ राहतं, बाउंड्रीवर पापुद्र्यासारखं पसरतं आणि हॉट क्रॅकला (गोठता गोठताच पडणाऱ्या भेगेला) आमंत्रण देतं, म्हणून तर 347 च्या फिलरमध्ये (जोडात वितळवून भरायच्या धातूत) थोडा फेराइट मुद्दाम ठेवतात.

त्यामुळे फेरिटिकला फिलर निवडायचा असेल आणि वायर मिळत असेल तर मी नुसत्या नायोबियमवालीपेक्षा दोन्ही असलेलीच घेईन, यावर माझ्याशी भांडू नका.

पण टायटॅनियमलाही डोक्यावर घेऊ नका. ते नायट्राइड फेराइटसाठी चांगलं बीज आहे, ऑस्टेनाइटसाठी फारसं नाही, म्हणून 409 मधला चमत्कार 321 मध्ये शोधू नका. शिवाय आर्कमधून जाताना टायटॅनियमचा बराच भाग ऑक्साइड होऊन वाया जातो, 321 ला सर्रास 347 चा फिलर लावतात तो याच कारणाने, दोन्ही सारखेच आहेत म्हणून नाही. आणि हीट अफेक्टेड झोनमध्ये (वेल्डशेजारच्या, न वितळता तापलेल्या पट्ट्यात) तर फिलरमधलं काहीच पोचत नाही, तिथे बेस मेटलमध्ये आहे तेवढंच. फेरिटिकमध्ये ग्रेन पुन्हा बारीक करणारं रूपांतरही सहसा होत नाही, एकदा फुगले की फुगले, वर वेल्डचे लांबट ग्रेन तिथूनच सुरू होतात. हीट इनपुट कमी ठेवा, दुसरा इलाज नाही.

आणि एक, वेल्डमध्ये फेराइट किती राहील याचा अंदाज देणारी डब्ल्यूआरसी-1992 ही आकृती घ्या, तिच्या क्रोमियम इक्विव्हॅलंटमध्ये (फेराइटला मदत करणाऱ्या घटकांच्या बेरजेत) क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि 0.7 गुणिले नायोबियम एवढंच आहे. टायटॅनियमचं नाव नाही त्यात. तरी लोक 321 चं टायटॅनियम नायोबियमच्या जागी बसवून 0.7 ने गुणतात आणि फेराइट नंबर दशांशासकट लिहून मोकळे होतात, तेही त्या रेघेचंच पाप.