शिक्का आधी, गुन्हा नंतर

दुकानदाराने वजनात मारलं की आपण सहज म्हणतो, ‘पक्का भामटा आहे!’ कितीही बोला, ढिम्म न हलणाऱ्या कोडग्याला ‘बेरड’ म्हणतो. दोन्ही शब्द जिभेवर इतके रुळलेत की ती माणसांच्या जातींचीही नावं आहेत, हे बोलताना आठवत नाही. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजी अमलात कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेल्या आणि पुढे त्यातून मोकळ्या झालेल्या जातींच्या यादीत 14 नावं आहेत. त्यात बेरड आहेत, भामटा आहेत. कैकाडी, रामोशी, वडार, कंजारभाट, पारधीही आहेत. त्या घरातलं पोर वर्गात आपल्या जातीचं नाव सांगतं, तेव्हा बाकीच्या पोरांना आधी काय ऐकू येत असेल?

चाकोरीबाहेरच्या वागण्याला समाजशास्त्रात ‘विचलन’ म्हणतात. नियम मोडणाऱ्यातच काहीतरी खोट असणार, असं धरून ती शोधण्याकडे बराच काळ अभ्यासकांचा ओढा होता. कुणी ती कवटीच्या ठेवणीत शोधली, कुणी रक्तात. 1951 साली एडविन लेमर्ट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने विचलनाचे दोन टप्पे वेगळे केले. पहिला जवळपास प्रत्येकाच्या वाट्याचा. लोकलने एखादवेळी विनातिकीट जाणारा स्वतःला गुन्हेगार समजत नाही, घरी येऊन निवांत जेवतो. दुसरा टप्पा लोकांच्या प्रतिक्रियेतून सुरू होतो. नाव पडतं, काम मिळेनासं होतं, आपलं म्हणणारे तेवढे तसलेच उरतात आणि माणूस त्या नावाभोवतीच आयुष्य रचू लागतो. 1963 मध्ये हॉवर्ड बेकर याने आणखी पुढचं सांगितलं: विचलन कृत्यात नसतंच, नियम करणारे आणि तो लावणारे ते घडवतात.

हे फार टोकाचं वाटेल. मलाही वाटतं, खून हा शिक्क्यावाचूनही खूनच. पण विल्यम चॅम्बलिसने 1973 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचला की बेकर कुठे बोट ठेवतोय ते कळतं. एकाच अमेरिकी शाळेतली पोरांची दोन टोळकी त्याने दोन वर्षं पाहिली. आठ जण सुखवस्तू घरांतले, सहा गरिबाघरचे. आठ जण शाळा बुडवत, दारू पिऊन गाडी हाकत. रस्ता खणलेला असेल तिथले इशाऱ्याचे कंदील काढून ठेवत आणि कोण खड्ड्यात जातो ते लपून बघत. पण गाडी असल्याने हे उद्योग गावाबाहेर चालत. पोलीस भेटलाच तर मान खाली, ‘चुकलं साहेब’. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. सहा जणांकडे गाडी नव्हती, ते गावातल्या नाक्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभे असत आणि उलट बोलत. पोलिसांचा ससेमिरा कायम त्यांच्याच मागे. अर्थात शिक्का म्हणजे ललाटरेषा नव्हे. त्या सहांतले दोघे फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेले आणि मार्गी लागले.

तिथे शिक्का गावाच्या नजरेतला होता. आपल्याकडे तो कायद्यातच छापून आला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असं इंग्रज अधिकाऱ्यांचं गणित होतं. त्यातून 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा निघाला. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार ठरे, आणि त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नसे. नोंदणी, हजेरी, आणि हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर पास. सुरुवातीला हे उत्तर हिंदुस्थानात होतं. 1911 च्या दुरुस्तीने देशभर लागू करायची वाट मोकळी झाली.

हे लोक कोण होते? बैलांच्या तांड्यावर मीठ-धान्य वाहणारे, टोपल्या विणणारे, शिकार करणारे. रामोश्यांकडे तर गावाची आणि गडांची राखण असे. रेल्वे आली, तांड्यांचा धंदा बसला. जंगल कायदे आले, शिकार गुन्हा झाली. माणसं होती तीच राहिली, नियम सरकला. भटकणं हा कालपर्यंत त्यांचा पोटापाण्याचा मार्ग होता, आता तोच संशयाचं कारण झाला. त्यांत कुणी चोऱ्या करत नव्हतं, असं नाही. पण चोरी कुणीही करो, दारात पोलीस यांच्याच. हजेरी चुकवली हाच गुन्हा, म्हणजे नातलगाच्या मयताला विनापास गेलेल्याच्या नावापुढेही शिक्षा लागायची. ती नोंद मग ‘जमातच तसली’ याचा पुरावा. लेमर्टचा दुसरा टप्पा इथे सरकारी खर्चाने, पिढ्यान् पिढ्या चालला.

सोलापुरात या जमातींना ठेवायला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. आतली माणसं गिरण्यांत राबत आणि हजेरीला परत येत. मुंबई प्रांतात हा कायदा 1949 मध्ये गेला, देशभरातून 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणून ती तारीख विमुक्त दिन.

कायदा गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. कागदावर आता जमात नाही, व्यक्ती. मात्र तुरुंगाच्या नियमावल्यांत जुनी भाषा इतकी चिकटून राहिली की, विमुक्त जमातीतला म्हणून कुणाला सराईत गुन्हेगार धरू नका, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये सांगावं लागलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही त्याच निकालाने काढायला लावला.

सोलापुरात तारेबाहेर जी वस्ती उभी राहिली, तिला ‘फ्री कॉलनी’ नाव पडलं. पत्ता लिहिताना तिथली माणसं आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असंच लिहितात.