वावरात सापडलेली प्रत्येक पाटी ताम्रपट नसते
वावरात मेटल डिटेक्टरने सापडलेली नक्षीदार पाटी म्हणजे गुप्तधनाची जागा सांगणारा ताम्रपट, हा विदर्भातल्या खेड्यांतील जुना समज चुकीचा आहे. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथील वाकाटक ताम्रपटातही गावाच्या दानाचीच नोंद आहे, पुरलेल्या धनाची नव्हे. पाटी पितळेची, तळहाताएवढी, पुढे कचेरीचे नाव कोरलेली आणि मागे पट्ट्यात अडकवण्यासाठी कड्या असलेली असेल, तर ती बहुधा इंग्रजी अमदानीतील शिपायाची चपरास, म्हणजे ओळखीचा बिल्ला, होय. ‘चपराशी’ हा शब्द तिच्यावरूनच आला. हिरवा थर प्राचीनतेचा पुरावा म्हणून दाखवला जातो, पण तो ओल्या मातीत पितळेवरही चढतो, आणि चिंचेने घासून काढताना (हा मोह आवरावाच) कोरीव अक्षरे झिजतात. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.