धातुलवणांची तीव्र विषाक्तता : गोड्या पाण्यातील माशांवरील चाचणी

विरघळलेल्या धातुलवणाच्या कोणत्या संहतीत (पाण्यातील प्रमाणात) चाचणीतील निम्मे मासे ठरावीक अल्पकाळात, बहुधा ९६ तासांत, मरतात हे ठरवण्याची प्रयोगपद्धती. या संहतीला मध्यम मारक संहती किंवा एलसी-५० म्हणतात. जुन्या अहवालांत टीएलएम, म्हणजे मध्यम सहनमर्यादा, दिलेली असते; व्यवहारात आकडा तोच. कोल्हापूर परिसरात या चाचणीचा संबंध मुख्यतः पंचगंगेशी आणि तिच्या काठच्या उद्योगांशी येतो. शिरोली व गोकुळ शिरगावच्या ओतशाळा, मुलाम्याचे कारखाने, इचलकरंजीची कापडरंगाई आणि हुपरीचे चांदीकाम यांमुळे जस्त, तांबे, क्रोमियम, निकेल व चांदी हे धातू येथील अभ्यासकांच्या नेहमीच्या विचारात असतात.

उगम : पद्धत नेमकी कोणी सुरू केली याविषयी एकवाक्यता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये नदीप्रदूषणाच्या चौकशीच्या निमित्ताने माशांवर प्रयोग झाले होते. अमेरिकेत पॉवर्स यांनी १९१७ मध्ये सोनमासा हा चाचणीचा प्राणी म्हणून पद्धतशीरपणे वापरला. ‘निम्मे प्राणी’ ही कसोटी मात्र औषधशास्त्रातून आली. सर्वांत संवेदनशील किंवा सर्वांत चिवट प्राण्यापेक्षा मध्यम प्राण्याचा प्रतिसाद अधिक भरवशाचा असतो, हे ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडले. माशांसाठी एकसमान कार्यपद्धती घडवण्याचे श्रेय सामान्यतः हार्ट, डाउडोरॉफ व ग्रीनबँक (१९४५) आणि डाउडोरॉफ व सहकारी (१९५१) यांना दिले जाते. ९६ तासांचीच मुदत का, याचे एक साधे उत्तर सांगतात : सोमवारी सुरू केलेली चाचणी शुक्रवारी संपते. स्प्रेग यांनी १९६९ पासूनच्या आपल्या आढाव्यांत मुदतीऐवजी, मृत्यू थांबतात ती उंबरठा-संहती शोधण्याचा आग्रह धरला. शास्त्रीयदृष्ट्या तो अधिक सयुक्तिक आहे. रूढ झाली ती मुदतच.

मृत्यूचे कारण : या विषयातील सर्वांत जुना वाद हाच आहे. वेल्समधील शिशाच्या खाणींच्या सांडपाण्याने नद्या निर्मत्स्य झाल्या होत्या. तेथे काम करताना कॅथलीन कार्पेंटर यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादले की, धातूच्या आयनांमुळे कल्ल्यांवरचा श्लेष्म (बुळबुळीत स्राव) साकळतो, त्याचा थर बसतो आणि मासा गुदमरून मरतो. १९३० च्या दशकात जोन्स यांनी इतर धातूंवर केलेल्या प्रयोगांमुळे हे मत दृढ झाले. जास्त संहतीच्या टाकीत ते डोळ्यांनाही पटते : मासे पृष्ठभागाशी येऊन हवा गिळतात, कल्ल्यांची झाकणे जलद हलतात, अंगावर बुळबुळीत पांढुरका पापुद्रा दिसतो. परंतु एलसी-५० च्या आसपासच्या, म्हणजे बऱ्याच कमी, संहतीत असा थर नेहमी आढळत नाही. १९८० नंतरच्या संशोधनात वेगळे चित्र पुढे आले. तांबे व चांदी कल्ल्यांतून सोडियम आत घेण्याची क्रिया रोखतात. जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या मार्गात शिरतात. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातून क्षार सतत बाहेर झिरपत असल्याने, भरपाई थांबली की रक्तातील सोडियम व क्लोराइड उतरते आणि अखेर रक्ताभिसरण कोलमडते. दोन्ही मते आपापल्या संहती-पट्ट्यात खरी मानणे इष्ट. मात्र उंबरठ्याजवळच्या मृत्यूंचा उलगडा आयनसंतुलनाच्या मतानेच नीट होतो.

पाण्याचा प्रभाव : वरील उलगड्यामुळेच एलसी-५० हा केवळ लवणाचा गुणधर्म ठरत नाही. दुष्फेन (जड) पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन कल्ल्यांवरील त्याच जागांसाठी धातूशी स्पर्धा करतात, म्हणून तोच धातू सुफेन (मृदू) पाण्यात कितीतरी पट घातक ठरतो. पॅगनकॉफ यांनी १९८३ मध्ये ही कल्पना गणिती रूपात मांडली. पुढे डी टोरो व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिचे जैव-लिगँड प्रतिमान (कल्ला हा धातू बांधणारा घटक मानून विषाक्तता वर्तवणारे गणित) केले आणि अमेरिकेने २००७ मध्ये तांब्याच्या निकषासाठी ते स्वीकारले. यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यालाही मोठे स्थान आहे. मैलापाणी मिसळलेल्या नदीत तांबे सेंद्रिय द्रव्याशी बांधले जाते व चाचणीत कमी विषारी दिसते. घाण पाण्याने मिळवलेला हा विचित्र फायदा आहे. चांदीच्या बाबतीत फरक टोकाचा आहे : मुक्त चांदी-आयन लिटरला काही मायक्रोग्रॅम ते दशक मायक्रोग्रॅम पातळीवर मारक असतो, तर थायोसल्फेटशी जोडलेली चांदी त्याहून हजारो पटींनी सौम्य. डायक्रोमेट या क्रोमियमच्या लवणात क्रोमियम ऋण आयनाच्या रूपात असल्याने दुष्फेनतेचे संरक्षण तेथे फारसे लागू पडत नाही. आम्लता अधिक महत्त्वाची.

कोल्हापुरात चाचणीसाठी नळाचे पाणी वापरल्यास आधी क्लोरीन घालवावे लागते. बोअरचे पाणी बेसाल्टमधून येत असल्याने सामान्यतः अधिक दुष्फेन असते. त्यामुळे दोन्ही पाण्यांतील निष्कर्ष एकत्र मांडणे धोक्याचे. जस्तलेपी पाइप व पितळी तोट्या स्वतःच धातू सोडतात, याकडेही प्रयोगशाळांत दुर्लक्ष होते.

पद्धती : मासे निदान आठ-दहा दिवस पाण्याला सरावू देतात आणि चाचणीच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद करतात. गुणोत्तर श्रेणीतील पाच संहती (उदा. ०.१०, ०.१८, ०.३२, ०.५६ व १.० मिग्रॅ. प्रति लिटर) व एक नियंत्रण टाकी घेतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार (१९८१, सुधारित १९९२ व २०१९) प्रत्येक संहतीस किमान ७ मासे लागतात. ऑक्सिजन संपृक्ततेच्या किमान ६० टक्के असावा आणि नियंत्रणातील मृत्यू १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. भारतात आयएस ६५८२ हे मानक आहे. धातू काचेला व विष्ठेला चिकटत असल्याने रोज विद्राव बदलणे किंवा प्रवाही पद्धत बरी. केवळ घातलेल्या लवणावरून काढलेली संहती पुरेशी नाही, ती मोजावी.

लवण की धातू, हा घोळ जुन्या निबंधांत वारंवार सापडतो. स्फटिकी मोरचुदात (तांबे सल्फेटात) तांबे केवळ सुमारे २५.५ टक्के असते. म्हणजे १ मिग्रॅ. तांब्यासाठी ३.९ मिग्रॅ. मोरचूद लागते. जस्त सल्फेटच्या सप्तजलीय स्फटिकासाठी हा गुणक ४.४ आहे. आकडा कशाचा हे सांगितले नसेल, तर तो तुलनेस निरुपयोगी.

आकडेमोडीसाठी ब्लिस (१९३४) व फिनी (१९४७) यांची प्रोबिट पद्धत (मृत्यूंच्या टक्केवारीचे रूपांतर करून संहतीशी सरळ रेषा जुळवणारी) प्रचलित आहे. धातूंच्या बाबतीत प्रतिसाद-रेषा अनेकदा इतकी उभी असते की आंशिक मृत्यू एकाच टाकीत मिळतात. अशा वेळी प्रोबिट रेषा ओढूनताणून बसवण्यापेक्षा अशी रेषा न लागणारी स्पिअरमन-कार्बर ही सरासरीची पद्धत योग्य.

मासे : रोहू, मृगळ, चिलापी, गप्पी, मुरी. मरळ, शिंगी व मांगूर हवेतूनही श्वास घेत असल्याने अधिक तग धरतात. त्यांच्यावरून नदीतील इतर माशांविषयी निष्कर्ष काढू नये.

उपयोग : पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीनुसार सांडपाण्यात, ते पातळ न करता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहावे लागतात. पंचगंगेत उन्हाळ्यात मासे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्यांचे खापर धातूंवर फोडण्याआधी ऑक्सिजन पाहावा, कारण मैलापाणी व मळीचा सेंद्रिय भार तो संपवतो. नमुन्यात हवा खेळवून मासे जगले, तर संशय धातूंकडून ऑक्सिजनच्या तुटीकडे वळतो. हवेमुळे अमोनियासारखे बाष्पनशील विषही उडून जाते, हे लक्षात ठेवावे.

प्राण्यांचा वापर कमी करण्यासाठी झीब्रा माशाच्या भ्रूणांवरील चाचणी (वरील संघटनेची मार्गदर्शिका २३६, २०१३) व ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवरील चाचणी (मार्गदर्शिका २४९, २०२१) मान्य झाल्या आहेत. रोहू व कटला यांच्या कल्ल्यांपासूनही भारतात पेशीमालिका तयार करण्यात आल्या आहेत.