विसरणं आणि सावरणं

‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेला पुरुष तिशी-चाळिशीत धीर करून घरात बोललाच, तर हे वाक्य हमखास त्याच्या वाट्याला येतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण या एका वाक्यात विसरणं आणि सावरणं या दोन निराळ्या गोष्टी एकाच पाण्यात सोडलेल्या असतात. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. नोकरी चालू आहे, घराचे हप्ते वेळेवर जातायत, माणूस शांत आहे. मग आपण म्हणतो, ‘आता ठीक आहे तो.’ त्याचाही तसाच समज असतो.

मुलग्यांच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, कारण मुळात त्यांच्यावर असं काही होतं हेच आपल्याला पटत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. तेव्हाचे ते मुलगे आज पंचविशी-तिशी ओलांडलेले पुरुष आहेत. लोकलमध्ये शेजारी उभे असतात, आपल्या पोरांचे वडील असतात.

समजा, बेचाळीस वर्षांचा असा एक माणूस आहे. गावच्या गणपतीला तो पंधरा वर्षं गेलेला नाही, सुट्टी मिळत नाही म्हणतो. सलूनमध्ये मानेवर हात पडला की अंग आकसतं. रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसतो आणि त्याबद्दल सगळे त्याचं कौतुक करतात. मुलाला शाळेच्या सहलीला पाठवायचा विषय निघाला की मात्र घर डोक्यावर घेतो. बायकोने खोदून विचारलं तर म्हणतो, ‘ते सगळं मी कधीच विसरलो.’

तो खोटं बोलत नाही. प्रसंग रोज आठवत नाही हे खरंच आहे. पण त्याचं सगळं वेळापत्रक त्या न आठवण्याच्या राखणीला बसलंय. कुठल्या गावी जायचं नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुठला वास आला की खोलीतून उठायचं, हे ज्याने ठरवलंय ते विसरलेलं कसं म्हणायचं? खरं तर याला टाळणं म्हणायला हवं. विसरणं हा त्याचा सभ्य पोशाख. धोक्याच्या क्षणी मनात प्रसंगाची सरळ गोष्ट तयार होतेच असं नाही. पुष्कळदा वास, आवाज, स्पर्श असे सुटे तुकडे मागे राहतात. गोष्ट आठवत नाही, तुकडे मात्र टोचत राहतात.

आणि हे लहानपणी फार उपयोगी होतं, तेही सांगायला हवं. आठ वर्षांच्या पोराला अत्याचार करणाऱ्या माणसाच्याच घरात जेवायचं असेल, तर मनाने दार लावून घेणं हाच शहाणपणा होता. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. अडचण एवढीच, की पोर मोठं झालं, घर बदललं आणि दार तसंच लागलेलं राहिलं.

सावरण्यात प्रसंग आठवतो. पण आठवून संपतो. ‘मी नऊ वर्षांचा होतो, तो मोठा होता, त्याने केलं’ असं एका वाक्यात सांगता येतं आणि सांगून झाल्यावर चहा प्यायला बसता येतं. दचकणं पूर्ण जात नाही, पण दचकल्यावर आपण आज कुठे आहोत, किती वर्षांचे आहोत याचं भान लवकर परत येतं.

मधला काळ मात्र फसवा. वर्षानुवर्षं लावलेलं दार उघडलं की झोप उडते, रडू येतं, कामात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, ‘आधी बरा होता, त्या समुपदेशकाकडे जायला लागल्यापासून बिघडलाय.’ विसरलेला माणूस ठणठणीत दिसतो आणि सावरायला लागलेला मोडलेला दिसतो. त्यामुळे कितीतरी जण तिसऱ्या-चौथ्या भेटीत माघार घेतात. जाणता उपचारक म्हणूनच पहिल्या दिवशी सगळं ओकायला लावत नाही. आधी झोप, दारू, स्वतःला इजा करण्याचे विचार यांच्याकडे बघतो; पायाखाली जमीन आली की मग आठवणींकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आघातानंतरच्या तणावविकारासाठी दोन उपचारपद्धती सुचवल्या: आघातावर लक्ष देणारी विचार-वर्तन उपचारपद्धती आणि आठवण जागवताना डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी ईएमडीआर. दोन्हीत आठवण पुसत नाहीत, तिच्यातला विखार उतरवतात.

पुरुषांच्या बाबतीत एक गाठ जास्तच घट्ट असते. त्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला, म्हणजे मलाही ते हवं होतं, असं मानून कितीतरी जण आयुष्यभर जळतात. गुदगुल्या केल्या की हसू येतं, नको नको म्हणत असतानाही येतं. शरीराचा प्रतिसाद म्हणजे होकार नव्हे, आणि लहान मुलाच्या होकाराला तर कायदाही होकार मानत नाही. टाळण्यात ही गाठ तशीच राहते, कारण तिच्याबद्दल कुणाशी बोललंच जात नाही. ‘असे पुरुष पुढे स्वतःच तसं करतात’ ही भीतीही तशीच. तिच्यापायी काही बाप आपल्या बाळाला आंघोळ घालायलाही घाबरतात. प्रत्यक्षात अत्याचार सोसलेल्यांपैकी बहुसंख्य पुरुष पुढे कुणालाही त्रास देत नाहीत.

माफ करण्याचं काय? ते दोन्हीपेक्षा वेगळं. माफ न करताही सावरता येतं. यापेक्षा जास्त जागा त्याला द्यायची मला गरज वाटत नाही.

तक्रारीचं थोडं सविस्तर सांगतो. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याखाली तक्रारीला कालमर्यादा नाही, हे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. कायदा लागू होण्याच्या आधीच्या घटनांना मात्र तो लागत नाही, तिथे तेव्हाचा दंडविधानच बघावा लागतो. म्हणून आधी वकिलाशी बोलावं. तक्रार केली म्हणजे सावरलो आणि नाही केली म्हणजे भित्रा, असला हिशोब कुणी मांडू नये. फक्त अत्याचार करणारा आजही मुलांमध्ये वावरत असेल तर प्रश्न आपल्यापुरता राहत नाही. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं याच कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे.

कुणाशी बोलायचं, हा पहिला अडसर असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. नाव सांगायची सक्ती नाही. पहिल्या फोनवर ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगितलं तरी चालतं.

आणि तो बेचाळीस वर्षांचा माणूस? सावरल्यावरही कदाचित तो गावच्या गणपतीला जाणार नाही. अत्याचार करणारा अजून तिथेच आरतीला पुढे उभा असतो. पण बायकोने विचारलं तर या वेळी तो सुट्टीचं नाव पुढे करणार नाही.